करंजाच्या पानावरचं आयुष्य

१९५५च्या आश्विनात कुरुळीच्या करंजाखाली जत्रेएवढी गर्दी लोटली होती. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या होत्या आणि रेघेबुवा त्यांत माणसांचं आयुष्य वाचत होते. आजाऱ्याच्या नावाने डहाळी तोडायची, पाण्याच्या तांब्यात ठेवायची. पानावरची रेघ वाढते तोवर माणूस जगतो.

"लिवणारा वर हाय, आमी निस्ते वाचणार," बुवा सांगत. शिधा मात्र वाचणाराच घरी नेई.

दुर्गाबाईची सहा वर्षांची लेक बारा दिवस मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, फणफणत होती. तळेगावच्या डॉक्टरांकडे औषध होतं. मी, गावचा शाळामास्तर, तिच्या घरी बैलगाडी घेऊन गेलो, तर बाई लेकीच्या डहाळीच्या तांब्यापुढे बसलेली.

"न्हाई गुरुजी. कोंडाजीनं पोराला दवाखान्यात नेलं, तर त्याची रेघ थांबली."

"पोरगा गेला?"

"न्हाई, बरा झाला. पर रेघ थांबली न्हवं."

"त्याआधी पानाला कोणी हात लावला होता?"

"बुवांनी. अंगठा टेकवून गेले."

मी लेकीच्या डहाळीचं एक पान उन्हात धरून दुर्गाबाईला दाखवलं. रेघेच्या टोकाला, पानाच्या पापुद्र्याआड, कणीहून बारीक अळी हिरवा गर खात पुढे सरकत होती. खाल्लेली वाट पांढरी दिसे. मधला काळा दोरा तिची विष्ठा. मोठी झाली की तिचा इवलासा पतंग होतो. दुर्गाबाईने वाकून अळी सरकताना पाहिली.

गाडी आल्याचं कळताच बुवा धावत आले, मागे निम्मं गाव. "आण ते पान," म्हणत त्यांनी अंगठा पुढे केला.

दुर्गाबाईने तांब्या पाठीमागे घेतला. "अंगठा न्हाई लावायचा."

"रेघ लांबूनच थांबवा की, बुवा," गर्दीतला भिमाजी म्हणाला. "लिवणारा तर वर हाय."

बुवांना एकाएकी खोकला लागला.

बाईने तांब्यातल्या डहाळीचं एक पान तोडलं, रेघेच्या टोकावर नख दाबलं. बोटाला हिरवट ओल लागली. दवाखान्यात जाणाऱ्याची अळी बुवा अंगठ्याने अशीच चिरडत, म्हणजे बाकीचे भिऊन घरी बसत.

"एवढंच व्हय," ती म्हणाली आणि लेकीला उचलून गाडीत बसली.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवसांत आतडं फुटलं असतं. पोरगी वाचली.

अळी पान खाते, कारण तिला दुसरं काही येत नाही. बुवाला ती सबब नाही, आणि आपल्यालाही नाही. ताप आला तर डॉक्टरकडे जा. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: तुम्ही हात न लावता हे घडतं का?