फटींतले लुकण

बोरीच्या शांतम्माने पोटच्या मुलावर संशय घेतला, तो निजामाच्या राज्यातल्या फसली सन तेराशे बावन्नच्या चैत्रात. आणि निमित्त झाले एका मेजाचे.

घरी नातवाची लिंगधारणा, म्हणजे लिंगायतांची दीक्षा, ठरली होती. दीक्षा देणारे स्वामी वयोवृद्ध. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसवत नसे. म्हणून मदरशातून, म्हणजे गावच्या सरकारी शाळेतून, खुर्ची मागून आणली, आणि तिच्यापुढे ठेवण्यासाठी शांतम्माचा मुलगा सांबप्पा याने जुन्या दाराच्या फळ्या जोडून, कडेला पट्ट्या ठोकून, स्वहस्ते मेज केले. सुतार कशाला हवा, असे तो चारचौघांत बोलूनही गेला. परंतु फळ्या पावसाळाभर भिजलेल्या होत्या. चैत्राच्या उन्हाने त्या आकसल्या आणि मधून बोट शिरेल अशा फटी पडल्या.

स्वामींचा हात कापे. तळहातावरील इष्टलिंगाचे तीर्थ ताटाबाहेर सांडणार, हे उघड होते. तीर्थाचा एक थेंब जरी भुईवर पडून पायदळी गेला असता, तरी स्वामी पूजा अर्धी टाकून उठले असते आणि बालकाच्या गळ्यात लिंग पडले नसते.

एके सकाळी पाहावे, तो फटी बुजलेल्या! काळसर, गुळगुळीत लुकण फळ्यांत घट्ट बसले होते. कशाचे, असे शांतम्माने विचारले. "भरलं कायतरी," एवढे म्हणून सांबप्पा मोंढ्याच्या बाजाराकडे चालता झाला. परसात एक फुटके मडके आतून स्वच्छ घासून ठेवले होते. फुटके मडके घासण्याचे काय कारण?

दुपारी लिंबाजी सुतार दाराशी थांबला. काम हातचे गेल्याचा सल त्याच्या मनात होताच. मेजावर बोट फिरवून तो म्हणाला, "लय साफ झालंय की, अव्वा. सरस घातलेला दिसायलाय. सरस कशाचा ऱ्हातो, ते इचारा लेकाला."

शांतम्मास ते ठाऊक होते. जनावरांची कातडी नि हाडे उकळून सरस काढतात. त्यावर तीर्थ सांडायचे! त्या दिवशी जेवताना तिची दृष्टी सांबप्पावरून ढळली नाही. त्याने हात दोनदा धुतले. मेजाचा विषय निघताच भाकरीकडे पाहू लागला. आता विचारून खरे कळेल, हा भरवसाच तिला उरला नाही.

दुसऱ्या दिवशी घर रिकामे पाहून ती मेजाखाली शिरली आणि दाभणाने लुकणाचा तुकडा कोरून काढला. सरस पाण्यात फुगतो, म्हणून तो वाटीभर पाण्यात टाकला. दुपारपर्यंत तो फुगला नाही. तरीही मन मानेना. तिने तो निखाऱ्यावर ठेवला. जळक्या केसांची दुर्गंधी येईल म्हणून पदर नाकाशी नेला, तर दरवळ आला राळेचा, आणि बांगडीवाल्याच्या भट्टीवर येतो तसा लाखेचा.

लाख, राळ आणि लाकडाचा भुसा. दुसरे काही नव्हते. मेजाला मात्र आता आरपार भोक पडले होते आणि ते सांगायचे, तर संशयही सांगावा लागणार. तिने कणकेचा गोळा मळून भोकात दडपला आणि वर काजळीचे बोट फिरवले.

लिंगधारणेच्या दिवशी तीर्थ सांडले. थोड्याच वेळात कणीक मऊ पडून खाली लोंबू लागली. शांतम्मा मेजाला टेकून बसली आणि पदराआड तिने ओंजळ खाली धरली. थेंब थेंब तीर्थ तिच्या हातात उतरू लागले.

सांबप्पा वाकला. "अव्वा, खाली काय करायलीस?"

"भोक धरून बसलेय. मीच पाडलं. सरस हाय वाटलं मला."

त्याचा चेहरा उतरला. "मला इचारायचं की."

"इचारलं होतं. तू 'कायतरी' म्हणालास."

"फळ्या फाकल्याची लाज वाटली. लाख उकळलेलं मडकं बी म्हणूनच घासून ठेवलं," तो पुटपुटला. "लिंबाजी हसला असता."

म्हातारीची ओंजळ भरत आली होती. सांबप्पाने आपली ओंजळ तिच्या ओंजळीखाली लावली. पूजा संपली, बालकाच्या गळ्यात लिंग पडले. भुई कोरडी होती.

दारातून लिंबाजी मान वाकडी करून मेजाखाली पाहत होता. शांतम्माने भरली ओंजळ त्याच्यापुढे केली.

"वाकून काय बघायलास? तीर्थ घे. लाखेवरून आलंय."