सहावा मणी

गोडादऱ्यातल्या त्यांच्या राहत्या खोलीतच साड्यांना मोती लावायचं काम चाले, त्यामुळे हर्षदाला मण्यांची ददात नव्हती. दहावीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं एकशे सेहेचाळीस मणी तारेत ओवले, तार वेटोळी वळवली आणि सहावा मणी मुद्दाम चिकट मेणाचा लावला. ही रक्तातल्या हिमोग्लोबिनची साखळी. एकच मणी चुकलेला. पण तेवढ्यानं एक साखळी दुसरीच्या खोबणीत जाऊन चिकटते, त्यांचे दोर बनतात आणि गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. धाकट्या बहिणीचे, चंचलचे गुडघे का ठणकतात, ते त्या तारेत चक्क डोळ्यांना दिसत होतं. पहिला नंबर आला. हर्षदा हवेतच होती.

रविवारी भेस्तानहून वडिलांची, म्हणजे बापूंची बहीण शोभाबाई आत्या आली, थोरल्या छायाच्या लग्नाची तारीख काढायला. छाया आत्याच्या मुलाला, योगराजला द्यायची, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. चंचलच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. छायाला आजार नव्हता. तिच्यात चुकीची साखळी होती, पण आईबापांपैकी एकाच बाजूनं आलेली; चंचलला ती दोन्हीकडून मिळाली होती.

हर्षदानं मॉडेल आत्यापुढं ठेवलं. "आत्या, आधी योगराजदादाचं रक्त तपासा. ही चूक बापूंकडं आहे, म्हणजे तुमच्याकडंही असू शकते. नवराबायको दोघांकडं निघाली, तर चारातलं एक लेकरू चंचलसारखं."

आत्यानं तार उलटसुलट करून पाहिली. "छायाना रगतमा खोट शे, हाई आमले काबर नही सांगं?"

"खोट नाही हो. आणि तसं म्हटलं तर तुमच्यातही…"

"मन्हा योगराजले सुई टोचू का आते? साळामा काय गयी, डाक्टरीन व्हयी गयी."

बापूंनी मॉडेल उचलून फळीवर ठेवलं. बहिणीपुढं ते कधीच बोलत नसत.

पंधरा दिवसांनी निरोप आला. योगराजची सुपारी फुटली होती, चलथाणच्या सुकदेवकाकांच्या प्रियांकाशी. सुकदेवकाका म्हणजे बापूंचे सख्खे भाऊ. तेच रक्त, फक्त कुणी न तपासलेलं. आणि छायाचं रक्त नासकं, ही बातमी तोवर लिंबायतपर्यंत पोचली होती.

"ताई, त्यांना काही कळतच नाही," हर्षदा म्हणाली. "मी काकांना जाऊन सांगते."

"जा. म्हणजे प्रियांकाचंही मोडेल."

"पण चारातलं एक…"

"एक तुला दिसलं," छाया म्हणाली. "उरलेली तीन माझी होती."