कडेची पाती

अप्पा गेल्यापासून अव्वा, माझी आई, घरामागच्या शेवंतीत कुणाला जाऊ देत नव्हती. ओळींमधलं तण गुडघ्याला लागलं, तेव्हा एका सकाळी पूजेची फुलं तोडून आली आणि म्हणाली, "सिंधू, त्ये यंत्र इकून टाक. चालवनार कोन? शेवंती बी काढून टाकू."

"मी चालवते."

"तू पुस्तकं चालीव."

अप्पांचं तण काढायचं छोटं पॉवर विडर गोठ्यात झाकून ठेवलेलं होतं. पाती झिजून निम्मी राहिली होती, बेल्ट चिरला होता. टेम्पोत टाकून मी ते अहमदपूरला मल्लेशच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. पाती काढता काढता तो हसला.

"ताई, काकानं दोन्ही कडंची पाती उलटी बसवलीत बघा. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. वाकडं टोक भायेर पायजे, ह्ये आत हाय."

त्यानं नवी पाती नीट बसवली, बेल्ट बदलला, ऑइल बदललं. जुनी पाती पिशवीत घालून दिली. "भंगारात टाका."

घरी येऊन पहिलीच ओळ धरली. चार पावलांत कडेच्या पात्यानं शेवंतीचं एक रोप मुळासकट ओढून काढलं. मी यंत्र बंद केलं. अव्वानं रोप उचललं, माती दाबून परत लावलं.

"झालं? आता तरी इक," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बांधावर बसून पिशवीतली पाती बाहेर काढली. सगळी सारखीच झिजली होती, कडेचीसुद्धा. म्हणजे ती एखाद्या दिवसापुरती चुकून बसलेली नव्हती. अप्पांनी वर्षानुवर्षं तशीच चालवली होती. मी यंत्राची रुंदी वितीनं मोजली, मग ओळींमधली जागा. टोकं बाहेर असली तर यंत्र जागेपेक्षा रुंद होत होतं. आत वळवली तर दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरत होती.

पाना आणून मी कडेचे नट सोडवायला लागले. एक हलेना. सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर अव्वा.

"डावं उजवीकडं टाकायलीस व्हय?"

"हाव."

ती शेजारी बसली. "तुझे अप्पा बी आसंच टाकायचे. मी म्हनायची, अहो, चुकायलाव. तर म्हनायचे, कमळे, तू झाडं दाटीनं लावलीस, आता यंत्राला अंग चोरायला शिकवायलोय."

तिनं पात्यांचा रोटर धरून ठेवला. नट सुटला.

या वेळी यंत्र ओळीतून सरळ गेलं. अव्वा पुढं पुढं चालत फांद्या पदरानं बाजूला धरत होती. अप्पा चालवायचे तेव्हाही धरत असणार, कारण कुठं वाकायचं ते तिला न बघता कळत होतं. ओळ संपली. एकही पान तुटलं नव्हतं.

"पानी पी," ती म्हणाली. "फुडल्या ओळीला यंत्र मी धरते. कुठं दाबायचं त्येवढं दाखीव."