फडक्यातलं पुस्तक

छबुबाईनं पारावर चारचौघांत एकच मागणं मागितलं आणि स्वप्नालीनं प्रविणकडं बघितलं.

"मला दुसऱ्या कुणाची आण नगं," म्हातारी म्हणाली. "नांगर ह्या प्रविणनं धरलता. त्यानं त्याच्या शास्त्रावर, बायबलावर, हात ठिवून सांगावं, माझा बांध फोडला का न्हाई. ही किरिस्ताव माणसं देवाचं नाव खोट्याला घेत न्हाईत. त्यो म्हणंल ते मला कबूल."

दिवाळी झाली की छबुबाई ऊसतोडीला जायची. यंदा गुढीपाडव्याला परतली, तर तिच्या पट्टीचा बांध शेजारच्या बागायतदार अमरसिंहांच्या रानात विरघळून गेलेला. ट्रॅक्टर अमरसिंहांचा, हुकूम अमरसिंहांचा, चालवणारा प्रविण, स्वप्नालीचा नवरा. नवरा-बायको दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

गावाचा विश्वास होता तो प्रविणच्या वडलांमुळं. म्हाळूबाबांनी उभ्या जन्मात कधी शपथ घेतली नाही. कुणी घे म्हटलं तर म्हणायचे, "देवाचं नाव म्हंजी काय बैलाच्या गळ्यातली घंटा हाय का, उठसूट वाजवाया? हाय तर हाय, न्हाई तर न्हाई." ज्या घरानं कधी आण घेतली नाही, त्या घराच्या आणेला गावात सोन्याचं मोल आलं होतं. आणि ते मोल आता अमरसिंहांनाही कळलं होतं.

"उद्या सकाळी घेऊन ये की शास्त्र," ते हसत म्हणाले. "बाईचं समाधान झालं पायजे."

दिवे लागायच्या आत ते ट्रॅक्टरच्या शेडमागच्या खोलीपाशी आले. खोली त्यांचीच, प्रविणला राहायला दिलेली. दारात खेळणाऱ्या एस्तेरच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"दमा कसा हाय पोरीचा? जीप हाय म्हणून अंबाजोगाई जवळ हाय बघ सूनबाई. न्हाईतर लई लांब."

जीपची किल्ली बोटावर फिरवत ते निघून गेले. पोरगी झोपली की तिची छाती कशी वर-खाली होते, हे बघत बसायची सवय स्वप्नालीला तीन वर्षांपासून होती. श्वासाला शिट्टी लागली की अर्ध्या तासात दवाखाना गाठावा लागे, आणि गावातून तेवढ्या वेळात पोचवणारी गाडी एकच होती.

केजच्या कॉलेजात बी.ए. झालेली ती. डोकं चालवलं. शास्त्रावर हात ठेवला तरच देवाच्या नावाची शपथ ना? मग शास्त्रच नसलं तर? चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक तेवढंच जाड, तसंच काळ्या पुठ्ठ्याचं. सकाळी प्रविण अंघोळीला गेला तेव्हा तिनं फडक्यातलं शास्त्र काढून गाण्यांचं पुस्तक बांधलं. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावरून पारावर सगळं फुटलं असतं.

पारावर प्रविणनं फडक्यावर हात ठेवला. त्यानं डोळे मिटले. गावाला ती भक्ती वाटली.

"देवाच्या नावानं सांगतो. म्या बांध फोडला न्हाई. तिथं बांध नव्हताच."

"झालं का मनासारखं, म्हातारे?" सुग्रीव सरपंच मांडीवर थाप मारून म्हणाला. "आता तरी गप बस."

छबुबाईनं पुढं होऊन फडक्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि खाली मान घालून गेली.

घरी येऊन प्रविण भिंतीला टेकून बसला. ताट पुढं केलं तर ढकललं. मग स्वप्नालीनं सांगून टाकलं.

"ते शास्त्र नव्हतं. गाण्यांचं पुस्तक होतं. मी बदललं."

त्यानं फडकं सोडून बघितलं.

"मला कुठं ठावं होतं? माझा हात शास्त्रावरच होता. तोंडानं नावबी त्याचंच घेतलं. म्या माणसाला फसवलं. तू देवालाच फसवाया निघालतीस व्हय? बी.ए. करून ह्येच शिकलीस?"

"तुम्हाला वाचवायला केलं."

"मला न्हाई."

"बरं, एस्तेरला," ती म्हणाली. त्यानं शास्त्र परत फडक्यात बांधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छबुबाई दारात उभी. पदरात पोरीसाठी भाजलेल्या शेंगा. स्वप्नालीला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचा देव खोटं बोलू देत न्हाई," म्हातारी उंबऱ्याशी टेकत म्हणाली. "मंजी माझंच डोस्कं फिरलं म्हणायचं. बांधावर बाभळीचं खोड, त्याच्या बुडाला धोंडा, असं मला लख्ख दिसतंय बघ. पर ते मनाचंच आसंल. माझं मालक गेल्यापून ध्यानात ऱ्हाईना काय. उगं त्या पोराला देवाचं नाव घ्याया लावलं म्या. तू शिकलेली हाईस, तुझ्या देवाला नीट सांग. म्हणावं, म्हातारीचं चुकलं, पोटात घाल."

"सांगते, मावशी."

"आत्ताच सांग की. माझ्या म्होरं."

बाहेर अमरसिंहांची जीप सुरू झाली. एस्तेर शेंगा सोडून आईशेजारी गुडघ्यावर बसली, हात जोडले. छबुबाईनं तिचं बघून हात जोडले, डोळे घट्ट मिटले.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या," स्वप्नालीनं सुरुवात केली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे..."

"मम्मी, 'तुझे नाव पवित्र' राहिलं," एस्तेर म्हणाली.

"गप बस!"

"लेकराला कशाला रागावतीस?" डोळे न उघडता छबुबाई म्हणाली. "देवाचं नाव ऱ्हायलं आसंल तर घे की बाई."

तिनं घेतलं.