सात गावांच्या राजाचा दरवाजा

कीर्तनकार हेमराज महाराजांनी चपला काढल्या, उपरणं सावरलं आणि पडक्या दरवाजाच्या उंबरठ्यावर डोकं टेकायला ते वाकले.

"तिथी डोस्कं नका ठेवू, महाराज," मागून बुधरीबाई म्हणाली.

महाराज वाकलेलेच थांबले. सात गावांचं हे इवलंसं राज्य आता कुणाच्या ध्यानीमनी उरलं नव्हतं. सागाच्या रानात हा दरवाजा आणि चार हात भिंत, एवढंच शिल्लक. पण मूल तालुक्यात गावोगावी तीस वर्षं महाराज कीर्तनाच्या उत्तररंगात याच राजाचं आख्यान लावत आले होते. गोरगरिबांसाठी रात्रंदिवस दरवाजा उघडा ठेवणारा राजा! ऐकता ऐकता बाया पदरानं डोळे पुसत. आज सायंकाळी खुद्द राजाच्या गावात कीर्तन होतं. म्हणून आधी दर्शनाला आले होते. वाट दाखवायला गावातली ही म्हातारी.

"काऊन, बाई? देव हाय का दगडात?"

"देव नाई. मोहफुलाची टोपली कमी भरली म्हून ह्याच दगडावर माह्या आज्याले दिवसभर उन्हात उभं केलं होतं. तळपाय सोलून निघाले त्याचे."

"पण राजाचा दरवाजा तर कधी बंद नव्हता ना?"

बुधरीबाई हसली. "कसा राहीन बंद? आमचे लोक रात्रंदिवस लाकडं, मोह, मध आत नेऊन टाकत. बंद असता तर घरी नसते गेले?"

महाराजांनी चपला पायांत सरकवल्या.

"सांजेले येईन मी कीर्तनाले," ती म्हणाली. "राजा कसा होता, मले बी कळू द्या."

सायंकाळी पूर्वरंग संपला. बुक्का लागला, गळ्यात हार पडला. दुसरी पाच-सात आख्यानं महाराजांना तोंडपाठ होती. पण मृदंगावर थाप पडते न पडते तोच कुणी ओरडलं, "महाराज, आमच्या राजाचं होऊन जाऊ द्या!" टाळ्या पडल्या. मांडवाच्या कडेला बुधरीबाई मांडी घालून बसली होती.

महाराजांनी डोळे मिटले.

"दरवाजा रात्रंदिवस उघडा होता हो..."

सूर नेहमीसारखाच गोड लागला. बायांचे पदर डोळ्यांना गेले.

आरतीनंतर महाराजांच्या पाया पडायला रांग लागली. सगळ्यांत शेवटी बुधरीबाई आली, गुडघ्यावर हात टेकत वाकली.

महाराजांनी पाय झटकन मागं ओढले.

"तिथी डोस्कं नका ठेवू, बाई."