कडीवाल्या मुनिया

“पक्षी रंगवलेला तर नाही ना?” असं लीलाधर सरांनी विचारलं, तेव्हा मेघाला इतका राग आला की दोन दिवस ती त्यांच्याशी धड बोलली नाही. तीन वर्षं उन्हातान्हात काढायची आणि आपल्याच मार्गदर्शकानं असली शंका काढायची! पक्षी रंगवून पुन्हा मोकळा सोडायला वेड लागलंय का कुणाला, असं तिनं उलट विचारलं.  सोमवारी शोधनिबंध पाठवू, सर म्हणाले, पण आधी त्या हिरव्या पक्ष्याचं एक पीस माझ्या हातात दे.

निबंध होताही तसाच खळबळजनक. जळगावच्या मेहरूण तलावाकाठच्या गवतात ठिपकेवाल्या मुनिया राहतात. चिमणीहून लहान, तपकिरी, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. वनखात्याची रीतसर परवानगी काढून मेघानं एकशे साठ मुनियांच्या पायांत प्लास्टिकच्या रंगीत कड्या घातल्या होत्या. प्रत्येकीच्या कड्यांचा क्रम निराळा, म्हणजे दुर्बिणीतूनही कोण कोणती ते ओळखू यावं. त्यांतल्या एकेचाळीस तिला जामनेरला सापडल्या, पस्तीसेक किलोमीटरवर. इतक्या थोड्या कड्यांतून इतके पक्षी पुन्हा सापडणं हेच नवल, आणि सापडले ते चक्क हिरवे! मेहरूणला तपकिरी असलेला पक्षी, पायात त्याच कड्या, आणि जामनेरला पोट पोपटी. काही महिन्यांनी जुनी पिसं झडली की पुन्हा मूळचा रंग. जामनेरकडच्या कुठल्याशा गवताच्या बियांतून हा रंग येत असावा, असं मेघानं मांडलं होतं. बंगळूरच्या एका संस्थेतली नोकरी या निबंधावर अडली होती. घरी आईनं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

तिची कामाची पद्धत मात्र तिची स्वतःची होती. रोज सकाळी सातला तलावाच्या काठच्या सपाट खडकाजवळ जायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि मूठभर बाजरी टाकायची. पक्षी जागेला सरावले की कड्या घालण्यासाठी धरणं सोपं जातं. पहिल्या वर्षी टाळी ऐकली की मुनिया उडून जायच्या. आता टाळी ऐकून त्या गवतातून खडकावर उतरायच्या, अगदी बुटांपाशी येऊन दाणे टिपायच्या. मेघाला याचा निबंधापेक्षाही जास्त अभिमान होता. साडेसातला ती कॉलेजला निघून जायची.

जामनेरला हिरव्या मुनिया दिसायच्या त्या धनकुंवर काकींच्या परसातल्या डाळिंबावर. काकींच्या घरचं धान्याचं मोठं दुकान होतं, आजेसासरे राजस्थानातून आलेले, घर जैन. मेघा रविवारी दुर्बीण घेऊन गेली की काकी चहा आणि खाकरे पुढं करायच्या. तुझे पक्षी आलेत बेटा, म्हणायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या. हे हसू कशाचं, ते मेघानं तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. शिकलेली माणसं पक्ष्यांना सतरा प्रश्न विचारतात आणि माणसांना एक विचारत नाहीत.

पीस हवं म्हणून ती या वेळी रविवारची वाट न बघता गुरुवारी पहिल्या एसटीनं निघाली. त्या दिवशी चौदस होती, हे तिच्या गावीही नव्हतं. परसाचं दार उघडंच होतं. आत एक मोटरसायकल उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवरून एक माणूस कापडानं झाकलेला पिंजरा उतरवत होता. त्यानं कापड काढलं. आत तीसेक मुनिया दाटीवाटीनं बसल्या होत्या, सगळ्या हिरव्या. दोघींची पिसं अजून ओली होती आणि पिंजऱ्याच्या तळाला हिरवं पाणी साचलं होतं.

मेघा जवळ गेली. गजाला चिकटून बसलेल्या एकीच्या पायात लाल, लाल आणि निळी अशा कड्या होत्या. ती सतरा नंबरची मुनिया. निबंधाच्या पहिल्या पानावर तिचाच फोटो होता. तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी मेघानं तिला खडकावर बाजरी टिपताना पाहिलं होतं, तपकिरी, नेहमीसारखी. मेघानं गजांतून बोट घातलं आणि तिच्या पोटावरून फिरवलं. बोट हिरवं झालं.  ती तशीच बोट धरून उभी राहिली.

त्या माणसानं मात्र तिला लगेच ओळखलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“मेहरूणवाल्या ताई ना तुम्ही? मी हिलाल. रोज देखस मी तुमले. तुम्ही दोन टाळ्या वाजाडतस, दाणा टाकतस, साडेसातले जातस. मी पावणेआठले येस. मी बी दोन टाळ्या वाजाडस. बठ्ठा पाखरे खाले येतस. पहिले दिनभर बसनं पडे, आते दहा मिनिटनं काम शे.”

तो तिचे आभार मानत होता. त्याला वाटलं होतं, तीही याच धंद्यातली.

आवाज ऐकून काकी बाहेर आल्या. मेघाला पाहून त्या अशा ओशाळल्या, जणू त्यांचीच चोरी पकडली गेली. दर चौदशीला त्या पक्षी विकत घेऊन सोडायच्या, जीवदया म्हणून, आणि घरात सुनेलाही ते ठाऊक नव्हतं.

“दान केलेलं बोलून दाखवायचं नसतं, बेटा. म्हणून तुला कधी सांगितलं नाही. तू त्यांच्यावर लिहितेस, माझ्या हातून सुटलेले जीव कुणीतरी मोजतंय, याचाच आनंद व्हायचा मला.”

मग कड्यांवर गोष्ट आली. ती मेघानं विचारली नसती तर बरं झालं असतं. पायात कडी आहे म्हणजे हा कुणाचा तरी कैदी, असं काकींना वाटलं होतं. कैद्याला सोडवण्याचं पुण्य मोठं. म्हणून त्यांनी हिलालला बजावून ठेवलं होतं, कडीवाले मिळाले तर तेच आधी आण. हिरवा रंग त्यांना पक्ष्याचाच वाटायचा. हिरवा माल चांगला खपतो म्हणून हिलाल सगळेच पक्षी रंगवायचा.

एकेचाळीस मुनिया जामनेरला का सापडल्या, ते आता कळलं. त्या स्थलांतर करून आल्याच नव्हत्या, मोटरसायकलवरून आल्या होत्या. मग उरलेल्यांचं काय? मेघाच्या वहीत अठ्ठावन्न मुनियांपुढं ‘अन्यत्र गेल्या’ असं लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात. तिनं हिलालला विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“रंग लाया का काही मरतस,” तो म्हणाला. “दहामधून सहा जगतस.”

काकी मटकन ओट्यावर बसल्या. चिलट तोंडात जाऊ नये म्हणून जपणारी ती बाई. सहा सोडवायला आपण चार मारवत होतो, हा हिशेब त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. 

“हे कडीवाले येऊ लागून किती वर्षं झाली गं?” त्यांनी शेवटी विचारलं.

मेघाला वर्षं तोंडपाठ होती, आकडेही. तिला सांगवेना.

पिंजरा मेघानंच उघडला. बहुतेक मुनिया डाळिंबावर गेल्या. ओल्या दोघी तळाशीच बसून राहिल्या, आणि सतरा नंबरची उडाली पण भिंतीवर आपटून खाली आली. काकींनी तिला पदरात घेतलं. दुपारपर्यंत ती पदरातच मेली. तोवर मेघानं वनखात्याला फोन केला होता आणि हिलाल, आपलं काय चुकलं ते न कळून, पिंजरा तिथंच टाकून निघून गेला होता. मग तिनं सरांना फोन लावला. पीस मिळालं, ती म्हणाली, रंगवलेलं आहे. सरांनी फक्त परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं. तिला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सातला ती तलावावर गेली. पिशवीत बाजरी नव्हती. हिलाल गेला तरी दुसरा कुणी येईल, जागा आता पाखरं धरणाऱ्या साऱ्यांना ठाऊक झाली होती. या पाखरांना इथून हुसकावून लावायचं, माणसाची भीती पुन्हा शिकवायची, एवढं एकच काम आता उरलं होतं. खडकावर दहा-बारा मुनिया आधीच येऊन बसल्या होत्या. ती धावत गेली, ओरडली. त्यांनी माना वाकड्या करून तिच्याकडे पाहिलं. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिनं जोरात टाळ्या वाजवल्या.

गवत हललं आणि सगळा थवा खाली उतरला. खडकावर, बुटांपाशी, बुटांवरसुद्धा. त्यांतल्या कित्येकींच्या पायांत तिनं घातलेल्या कड्या होत्या.

 मेघानं खाली वाकून एक ढेकूळ उचललं.