वरची गुंडी

माझ्या पोराच्या, सुनीलकुमारच्या गळ्यात इष्टलिंग नाही हे मला त्याच्या रजेच्या तिसऱ्या दिवशी कळलं. ओट्यावर वाकून तो बूट काढत होता. रापलेल्या मानेवर, जिथं दोरा असायला हवा, तिथं नुसता पांढुरका पट्टा दिसला. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली निम्मी पहाऱ्यावर. संशय आला की लगेच ओरडायचं नसतं, समोरच्याला आधी जवळ येऊ द्यायचं असतं.

आम्ही चिंताकीचे लिंगायत. लहानपणी स्वामी लिंग बांधतात, ते मेल्यावर तळहातात देऊनच माणसाला पुरतात. मधल्या काळात रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, ते अंगावेगळं होत नाही. हरवलंच तर मठात जायचं, काय घडलं ते खरंखरं सांगायचं आणि स्वामींच्या हातून नवीन घ्यायचं.

मग मी लक्ष ठेवलं. आम्ही उठायच्या आत याची पूजा झालेली असायची. एवढ्या उकाड्यात शर्टाची पार वरची गुंडी लावलेली.

"पूजा झाली का रं?"

"झाली, अप्पा." नजर ताटात.

खोटं! आणि तेही माझ्या घरात! फायरिंग झाल्यावर रिकामी काडतुसं मोजून परत द्यावी लागतात. एकदा माझं एक कमी भरलं. शेजारच्यानं आपल्याजवळचं जास्तीचं पुढं केलं, मी घेतलं नाही. साहेबांसमोर उभं राहून सांगितलं, शिक्षा घेतली, दोन दिवस गवतात रांगून शोधलं. ही गोष्ट सुनीलला मी इतक्यांदा ऐकवलीय की ती सुरू झाली की माझी बायको सिद्धव्वा उठून आत जाते.

त्यात हा एक दिवसाआड जनवाड्याला जायचा. तिथला वीरेश याच्याच पलटणीतला. मागच्या पावसाळ्यात पुरात अडकलेली माणसं काढताना तो वाहून गेला. त्याच्या शवपेटीसोबत सुनीलच आला होता आणि माती झाल्यावर परस्पर माघारी गेला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मला जाता आलं नाही. वीरेशच्या घरी आता दोघीच, म्हातारी आई लिंगम्मा आणि तरणी बायको नागरत्ना. मला जे वाटायचं ते वाटलं. मेलेल्या सोबत्याच्या घरात तोंड काळं करणारा लिंग गळ्यात ठेवीलच कसा?

"लेकरावर कामून संशय घ्यायलाव?" सिद्धव्वा म्हणाली. "दोस्ताच्या आईला भेटायलाय त्यो."

"मग गुंडी कामून लावायलाय?"

रजेचे चार दिवस उरले तेव्हा तो निघाल्यावर मी मागच्या जीपनं औराद गाठलं आणि तिथून बसनं जनवाडा. सगळं ठरलं होतं. चार माणसांत कॉलर धरायची आणि सांगायचं, माझ्या घराचा उंबरा चढू नकोस.

दारात लिंगम्मा एकटीच ज्वारी पाखडत बसली होती. सून अंगणवाडीत शिकवते, संध्याकाळशिवाय येत नाही, असं तिनंच सांगितलं. सुनील मळ्यात बोअरची मोटर दुरुस्त करत होता. मी कोण ते कळल्यावर तिनं सूप बाजूला सारलं, घोंगडी टाकली, चहा आणला. माझा राग नुसताच हातात राहिला.

"अण्णा, एक इचारू?" ती हळूच म्हणाली. "पेटी उघडली तवा माझ्या वीरेशच्या मुठीत लिंग होतं. पाण्यातनं काढला तवाबी गळ्यातच होतं, असं सुनील म्हणतो. पर दोन दिवस पाण्यात होतं माझं लेकरू. आन् दोरा बघितला तर नवाच वाटायलाय. त्याचं लिंग पाण्यात गेलं असंल, तर माझं पोरगं तसंच मातीत गेलं की. सहा महिने झाले, डोळ्याला डोळा न्हाई. सुनीलला इचारलं की त्यो खाली बघतो."

मी कप खाली ठेवला. तो पांढुरका पट्टा डोळ्यांपुढून हलेना.

"तुमी फौजेतली माणसं. मला खरं सांगा. तुमचं पोरगं खोटं बोलतंय का?"

हेच सांगायला तर मी एवढा प्रवास करून आलो होतो.

"न्हाई, अक्का," मी म्हणालो. "माझं पोरगं खोटं बोलत न्हाई. ते वीरेशचंच होतं."

तिनं पदरानं डोळे पुसले, बराच वेळ पुसत राहिली. मग उठून माझा कप पुन्हा भरला.

सुनील आला तो कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला. मला बघून जागीच थांबला. स्टँडकडं चालताना तो माझ्या दोन पावलं मागं होता.

"अप्पा, हितं कामून आलाव?"

"तुझी कॉलर धरायला."

थोडं चालल्यावर तोच बोलला. "त्याला रिकाम्या हातानं आईफुडं कसं आणू, अप्पा? माझ्या गळ्यातलं होतं, ते त्याच्या मुठीत दिलं. मठात गेलो असतो तर स्वामींला खरं सांगावं लागलं असतं. मठातलं बोलणं जनवाड्याला पोचायला कितीसा येळ लागतो?"

म्हणजे सहा महिने हा असाच, रिकाम्या गळ्यानं. आणि मी काय काय मनात आणलं होतं! मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच्याकडं बघवेना.

"वरची गुंडी सोड," मी म्हणालो. "उकडायलंय."

त्यानं सोडली.

"उद्या मठात जाऊ."

"स्वामींला काय सांगायचं?"

"तू गप उभा ऱ्हा, मी सांगतो," मी म्हणालो. "तुला खोटं नीट बोलता येत न्हाई."